एकवीस रुपयांचा नवरा

सन १९३४, कार्तिक शुद्ध द्वादशी, सकाळी आठच्या सुमारास. ठिकाण अडाण नदीचा काठ, इंझोरीपासून अर्ध्या कोसावर. रक्कम रुपये एकवीस. हजर माणसे पाच: मी, माझी बायको, आमच्या गावचे गुरुजी आणि शेजारच्या पालात उतरलेले एक म्हातारे जोडपे. या सगळ्यांच्या समोर माझ्या बायकोने मला दान केले आणि परत घ्यायला नकार दिला.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. कार्तिकस्नानाचे शेवटचे पाच दिवस, शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत, नवराबायकोने नदीकाठी पाल ठोकून राहायचे, पहाटे स्नान करायचे, एक वेळ जेवायचे. आमच्या आणि आसपासच्या चार-दोन घराण्यांत त्यातच पतिदान असे. बायको नवऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालते, ब्राह्मणाच्या हातावर पाणी सोडते आणि म्हणते, हा मी दिला. नवरा उठून ब्राह्मणाच्या मागे जाऊन बसतो. मग ब्राह्मण मोल सांगतो, बायको ते देते आणि आपला नवरा सोडवून नेते. पाऊण तासाचे काम. हसतखेळत होते. नियम एकच कडक आहे: मोल बायकोने स्वतःच्या पैशातून द्यायचे. ताकलोण्याचा पैसा चालतो, माहेरून आलेला चालतो, नवऱ्याच्या खिशातला चालत नाही. म्हणून मोल पिढ्यान्‌पिढ्या सव्वा रुपया असे. बाईमाणसाजवळ याहून जास्त असणार कुठून?

त्याचे एकवीस मी करवले. गुरुजींचा त्यात दोष नाही.

आम्हाला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी तेराव्या वर्षी धनजला दिली आणि सतराव्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हते. आमच्या घराण्यात पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, चाल नाही, तेव्हा पुढचा प्रश्न एवढाच होता की तिने राहायचे कुठे. तिच्या सासऱ्याने दिवसकार्याच्या वेळी दहा माणसांत कबूल केले होते की सहा एकर काळी जमीन तिच्या नावाने हयातीपर्यंत करून देऊ. मंगरूळच्या वकिलाला मी विचारले. तो म्हणाला, कागद होईपर्यंत मुलीला तिथून हलवू नका. ती आपण होऊन निघाली, किंवा तुम्ही बोलावून नेली, तर ते हात वर करतील. मला ते पटले. मी हिशेब केला. सहा एकर, वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये, जन्मभर. आमच्या माघारी भावजयांच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा हे बरे. दोन वर्षे झाली तरी कागद झाला नव्हता, पण व्हायचा होता.

या दोन वर्षांत मुलगी एकदाही माहेरी आली नाही. सासरची माणसे पंधरा. दळण तिचे, पाणी तिचे, गोठा तिचा. कापूस वेचायला इकडेतिकडे जाणाऱ्या बायांकडून बातमी येई. एकीने माझ्या बायकोला सांगितले, "बाई, तुमची पोरगी वळखू नाही आली मले. नुसतं कातडं राह्यलं अंगावर." त्या दिवशी बायकोने चूल पेटवली नाही. मोठ्या वहिनींनी पेटवली.

त्याच सुमारास ज्वारी मोजताना कणगीच्या मागे मला एक कापडी थैली सापडली. मोजल्याशिवाय मला राहवले नाही. तेवीस रुपये. बहुतेक चांदीचे, काही मोड. बायकोने सात वर्षे लोणी विकून ते जमवलेले होते. मी थैली जशी होती तशी ठेवली. एका पैशाला हात लावला नाही, आणि त्या वेळी याचा मला अभिमान वाटला.

थोड्याच दिवसांनी ती म्हणाली, "यंदा कार्तिकात नदीवर राहू. आपन दोघंच."

बावीस वर्षांच्या संसारात तिने अशी काही मागणी केलेली नव्हती. मी हो म्हटले. पण आमच्या गड्याने मला सांगितले की बाईने इंझोरीच्या एका गाडीवानाकडे बैलांच्या दमणीचा भाव विचारून ठेवला आहे, धनजला जाऊन येण्याचा. नदीपासून धनज अकरा कोस. आता मला सगळे कळले. घरातून तिला कोणी जाऊ दिले नसते. नदीवरून ती जाणार होती.

मी तिला जाऊन विचारायला हवे होते, किंवा सरळ नाही म्हणायला हवे होते. नाही म्हणण्याचा मला हक्क होता आणि तिने तो मानला असता. पण मला नाही म्हणायचे नव्हते. मला असे हवे होते की पैसाच उरू नये आणि दोष कोणाचाच नसावा. म्हणून मी गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, यंदा पतिदानाचे मोल एकवीस रुपये सांगा.

"एकवीस?" गुरुजी म्हणाले. "यजमान, एकवीस रुपयांत दुभती गाय येते."

"सालदाराला मी वर्षाचे साठ देतो. ऐंशी एकरांचा धनी सव्वा रुपयाला सुटावा हे बरे दिसत नाही."

"दिसण्याचं सोडा. बाईंना झेपेल?"

"झेपेल."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग म्हणाले, "मला घेणं जड नाही. तुम्ही म्हणता तर सांगतो."

तेवीसमधून एकवीस गेले की दोन राहतात. दोन रुपयांत दमणी धनजला जात नाही.

एकादशीला सकाळी आम्ही नदीवर पोचलो. गुरुजींचे पाल आधीच तिथे होते. पाणी निवळले होते, तळाचे गोटे दिसत होते. काठच्या ज्वाऱ्या निसवल्या होत्या आणि पलीकडच्या शेतांत पहिली वेचणी चालू होती. पाल कुठे ठोकावे यासाठी मी दोरीने जागा मापू लागलो. पाण्यापासून किती, बाभळीपासून किती. बायको थोडा वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, "तुमी मापत बसा. इतली रेती कोरडी हाये, मी ठोकतो खुट्या." आणि तिने खरेच ठोकल्या. माझे माप पुरे झाले तेव्हा पाल उभे होते, मी काढलेल्या जागेपासून दोन हात बाजूला. ती हसली. मीही हसलो.

शेजारच्या पालातली म्हातारी लगेच आली. नवऱ्यासह दरवर्षी येणारी, तोंडाची मोकळी. "आलं का जोडपं?" ती बायकोला म्हणाली. "पाच दिवस सासू नाही, जाऊ नाही. मांग लेकी, काय मांगाचं ते. घरी मांगाले जागा कुठी असते?"

उपासाची भगर आणि भाजलेली रताळी आम्ही समोरासमोर बसून खाल्ली. आमच्या घरी पुरुषांची पंगत आधी उठते, बायका नंतर बसतात. बावीस वर्षांत मी तिला जेवताना पाहिले नव्हते. ती रताळ्याची साल न काढता खाते हे मला त्या दिवशी कळले. मी तसे म्हटले, तर म्हणाली, "पोरगी बी तशीच खाते. तुमी पाह्यलं नसन."

दिवस कलल्यावर ती पाण्यात पाय सोडून बसली होती. मी वर दगडावर. तेव्हा तिने विचारले.

"पोरीच्या सासऱ्याले चार ओळी लिहून द्या. पोरीले माहेरी पाठवा म्हणून."

"किती वेळा सांगितलं? लिहून दिलं की तेच त्यांना पाहिजे. उद्या दाखवतील, बापानं नेली म्हणून."

"नेली त नेली."

"आणि सहा एकर?"

"सहा एकर चाटते काय थे?"

"जन्माची भाकर आहे तिची. आपण मेल्यावर कोण घालणार आहे?"

"आपन मेल्यावरचं सांगून राह्यले तुमी. तोवर थे जगन काय?"

"वर्षभर अजून कळ काढ."

"कळ मी कुठी काढून राह्यलो? कळ थे काढून राह्यली."

मी चिठ्ठी दिली नाही. खिशात कागद होता, शिसपेन्सिलही होती. त्या माझ्याजवळ नेहमी असतात. तिने पाण्यातून पाय काढले, लुगड्याने पुसले आणि पालात जाऊन दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी स्नान झाल्यावर गुरुजींनी वाळूवर पाट मांडले. म्हातारा-म्हातारी साक्षीला बसली. बायकोने माझ्या गळ्यात माळ घातली, गुरुजींच्या हातावर पाणी सोडले, म्हणाली, "हा मी दिला." मी उठून गुरुजींच्या मागे बसलो. सगळे नेहमीसारखे.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "बाई, मोल एकवीस रुपये."

म्हातारीने तोंडावर हात मारला. "अगं माय! एकवीस? सोन्याचा हाये काय? मी माया बुढा सव्वा रुपयात सोडवला, तवा बी मले महाग पडला."

"महाग पडला त ठेवाचा होता महाराजापाशी," म्हातारा म्हणाला.

"ठेवला असता. पन महाराजाच्या घरच्या बाईनं मायं काय बिघडवलं?"

गुरुजींनाही हसू आले. बायको हसली नाही. तिने विचारले, "महाराज, हे मोल कोनं सांगतलं?"

गुरुजी खोटे बोलणारे नव्हते. "यजमानांची इच्छा होती," ते म्हणाले.

ती गुरुजींच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटते तेवढ्या वेळात तिने कणगी, थैली, गडी, गाडीवान, सगळे जोडून पाहिले. हिशेब तिलाही येत होता, तिला कोणी विचारला नव्हता एवढेच. मग तिने कमरेची थैली काढली आणि वाळूवर फडके पसरून पैसे मोजले. मोठ्याने मोजले.

"हे तेवीस. सात वर्साचं लोनी हाये मायं. याच्यात दोन मानसं येत नाही महाराज, एकच येते. मी पोरीले आनाले जातो. यायले ठेवा तुमच्यापाशी."

 म्हातारीने पदर तोंडात धरला.

"बाई, असं करू नये," गुरुजी म्हणाले. "दान अर्धवट राहते."

"अर्धं कुठी राह्यलं? दिलं न पुरं. घेनं राह्यलं."

"सव्वा रुपया द्या आणि सोडवा. जुनंच मोल घेतो मी."

इथे मी तोंड घातले. दान दिलेल्याने बोलायचे नसते, पण मी बोललो. "बोललेलं मोल बदलू नका, गुरुजी. एकवीस म्हणजे एकवीस." म्हाताऱ्या जोडप्यासमोर मला सव्वा रुपयावर उतरायचे नव्हते. अजूनही मला वाटत होते की ती घाबरेल, रडेल आणि पैसे पुढे सरकवेल.

तिने फडक्याला गाठ मारली.

दुपारी दमणी आली. गाडीवान साठीचा म्हातारा, सोबत त्याची बायको, म्हणजे लोकांनी बोट ठेवायला जागा नको. हेही तिने ठरवून ठेवलेले होते. भाडे सहा रुपये, जाऊन येऊन. रात्री कारंज्याच्या धर्मशाळेत मुक्काम, सकाळी धनज. गाडीत बसण्याआधी ती गुरुजींच्या पालापाशी आली. मी तिथे लाकडे फोडत होतो. नियमाप्रमाणे मी आता गुरुजींचा होतो आणि त्यांच्या पालातले काम करणे मला भाग होते. गुरुजी नको नको म्हणत होते.

"एकडाव इचारतो," ती म्हणाली. "चिठ्ठी देता?"

मी कुऱ्हाड न थांबवता म्हणालो, "मला काय विचारतेस? मी गुरुजींचा माणूस. मोल देऊन सोडव, मग विचार."

हे उत्तर मला तेव्हा फार जमल्यासारखे वाटले.

"खरं हाये," ती म्हणाली आणि गेली.

पुढचे दोन दिवस मी गुरुजींकडे पाणी भरले. नदी वीस पावलांवर, घागरी दोन, दिवसाच्या खेपा सहा. कार्तिकस्नानाला येणारी-जाणारी माणसे बघत. आसेगावकडचा एक ओळखीचा शेतकरी भेटला; त्याला कोणीतरी सांगितले असावे. म्हणाला, "काय जी, इकून गेले म्हने तुमी? अन गिऱ्हाईकच नाही?" मी त्याला हसून दाखवले. म्हातारी मला चिडवत नव्हती. तिने एकदा भाकरी आणून दिली आणि म्हणाली, "खा. रिकाम्या पोटानं अक्कल येत नाही." एवढेच.

त्रयोदशीच्या दुपारी गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "यजमान, बाई आता धनजला पोचल्या असतील. पण एका बाईच्या शब्दावर ते मुलगी सोडायचे नाहीत. तुम्ही एक ओळ लिहा. इंझोरीत घोडा मिळतो, मी माणूस पाठवतो. दिवस मावळायच्या आत पोचेल."

मी खिशातून कागद काढला. मांडीवर ठेवला. पेन्सिल हातात घेतली. मी कागदावर काय लिहिले ते सांगतो: सहा गुणिले वीस, बरोबर एकशे वीस. गुणिले चाळीस वर्षे, चार हजार आठशे. मुलीचे वय तेव्हा एकोणीस होते आणि मी तिला एकोणसाठ वर्षांपर्यंत धरले होते. आकडा बघितल्यावर मला धीर आला. मी गुरुजींना म्हणालो, "घोडा नको."

गुरुजी उठले. "नवऱ्याची किंमत काढलीत," ते म्हणाले, "आता बापाचीही काढलीत." असे ते मला पुन्हा कधी बोलले नाहीत.

चतुर्दशीला दिवेलागणीच्या आधी दमणी नदीच्या उताराला लागली. मी घागर खाली ठेवून माणसे मोजली. गाडीवान, त्याची बायको, माझी बायको. तीन. एक माणूस मागे वाकून बसले असेल म्हणून मी पुन्हा मोजली.

ती उतरली, हातपाय धुतले आणि म्हातारीच्या चुलीपाशी बसली. माझ्याशी बोलली नाही. म्हातारीला सांगत होती. मी ऐकावे म्हणून सांगत होती की नाही, ते मला कळले नाही. मी चार पावलांवर उभा होतो.

"विहीनबाई म्हने, चिठ्ठी आनली काय? आनली असन त आत्ता घेऊन जा. आमाले काय, एक खानारं तोंड कमी. म्हटलं, चिठ्ठी नाही, मी आलो हावो. म्हने, मंग पोरीलेच इचारा."

"मंग?" म्हातारी म्हणाली.

"पोरीले घेऊन बसलो गोठ्यात. तिले इतर जागा नाही. म्हटलं, चाल माय, गाडी उभी हाये. पोरगी म्हने, बाबानं बोलावलं काय? मी म्हटलं, मी बोलावून राह्यलो. म्हने, माय, घर बाबाचं हाये. उद्या त्यायनं म्हटलं, काहून आली, त मी कुठी जाऊ? इतं राबतो, खातो, पन काहून आली असं त कोनी म्हनत नाही."

"तू खोटं बोलाचं न वं! बोलावलं म्हनाचं!"

"म्हनाले गेलो. तिनं मायाकडं पाह्यलं. नाही बोलल्या गेलं मले."

म्हातारीने चुलीतले लाकूड मागेपुढे केले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि भाकरी उलटली. 

मला त्या वेळी काहीतरी बोलता आले असते. दमणी अजून जुंपलेली होती. बैल थकलेले होते, पण दुसरे बैल मिळाले असते. मी म्हणालो, "पाणी आणतो," आणि घागर घेऊन नदीकडे गेलो.

पुढचे आधी सांगून टाकतो. माझा हिशेब बरोबर निघाला. दुसऱ्या वर्षी चैत्रात कागद झाला. सहा एकर मुलीच्या नावावर चढली, सासऱ्याने शब्द पाळला. वकिलाने मला शाबासकी दिली. जमिनीचे वर्षाला एकशे वीस धरले होते, सरासरी एकशे अठरा पडतात. गोठ्यातून निघून तिला वेगळी खोली मिळाली. आता तिला तिथे मान आहे असे सगळे सांगतात. ती आमच्याकडे येत नाही. भाऊबीजेला मुलगे तिच्याकडे जातात आणि ती त्यांना जेवू घालते. कागद झाल्यावर मी स्वतः तिला न्यायला गेलो होतो. तिने पाट दिला, पाणी दिले, "बाबा" म्हणाली. मी म्हटले, चार दिवस चल. ती आत गेली आणि सारा भरल्याच्या पावत्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. तारखेप्रमाणे लावलेल्या, एकही कमी नाही. "पाहून घ्या," म्हणाली, "बरोबर हाये न?" मी पाहिल्या. बरोबर होत्या.

बायको माझ्याशी वाईट वागली नाही हेही लिहिले पाहिजे. पुढची सगळी वर्षे तिने माझे सगळे केले. फक्त काही मागितले नाही. थैली पुन्हा भरली असेल तर ती कुठे ठेवली ते मला माहीत नाही. मी शोधली नाही.

पौर्णिमेचे राहिले. त्या दिवशी पाले उठतात, आणि दान मोकळे सोडून उठता येत नाही. सकाळी गुरुजींनी पुन्हा पाट मांडले. म्हातारा-म्हातारी बसली. मी मागे बसलो. गळ्यातली माळ चार दिवसांची झाली होती, तुळस सुकून गळत होती. गुरुजींनी मोल सांगितलेच नाही. म्हणाले, "बाई, तुमच्याजवळ असेल ते."

तिने फडके पसरले आणि बोलून दाखवले, कारण मोजताना बोलायचे असते. दमणीला सहा. धर्मशाळेत शिधा आणि चारा, आठ आणे. सोयऱ्यांच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून साखर-नारळ, दहा आणे. पंधरा रुपये मुलीच्या पदराला बांधले. ती घेत नव्हती, तिने बांधले.

"यायच्यासाठी एवढंच राह्यलं," ती म्हणाली.

या वेळी म्हातारीही हसली नाही. गुरुजींनी हात पुढे केला. मला म्हणायचे होते की बोललेले मोल एकवीस आहे, पण दान दिलेल्याने बोलायचे नसते.

तेवीस रुपयांतून बावीस रुपये दोन आणे आधीच गेलेले होते. माझ्यापोटी माझ्या बायकोने गुरुजींना रोख चौदा आणे दिले.